भामाच्या अंगातला करंट

पनवेलच्या मच्छीबाजारात भामा कोळीण जिथं बसते, तिथं तिच्याआधी तिची सासू बसायची. मोक्याची जागा, दारातून शिरलेलं गिऱ्हाईक पहिलं तिथंच वाकतं. भामाच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि मग रोज इस्पितळात मशीनखाली निजून ‘लाईट’ घ्यायची पाळी आली. तेवढ्यात शेजारची ठमाबाई त्या जागेवर सरकली. वर बाजारभर सांगत सुटली, "तिच्या अंगात करंट भरलाय. तिच्या हातची मच्छी खाल तर तुमाला बी बाधंल!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण लोकांना तेवढं पुरतं. घरी सुनेनंसुद्धा नातवाला भामाच्या मांडीवरून उचलून नेलं.

भामा रडली नाही, पेटली. मरणाचं भय तिनं कधीच गिळलं होतं. सासूची जागा मात्र ती कुणाला गिळू देणार नव्हती.

मशीन चालवणाऱ्या आभाला तिनं इस्पितळाच्या दारातच गाठलं. "पोरी, खरं सांग. माझ्या अंगात करंट ऱ्हातो का?"

"मावशी, करंट काय साठवून ठेवायची वस्तू आहे?" आभा म्हणाली. "विजेचा भार असलेले बारीक कण धावतात, त्या धावण्यालाच करंट म्हणायचं. घरच्या तारेत ते रेंगाळत जातात, या मशीनमध्ये सुसाट सुटतात. सेकंदाला किती कण पुढे गेले, त्यावर करंट कमी की जास्त ते ठरतं. ते आतच धातूवर आपटतात आणि त्यातून निघालेले किरण तेवढे तुमच्यापर्यंत येतात. बटण बंद, की धावणं बंद, किरणही बंद; अंगात काही उरत नाही. मग कुठला करंट?"

"म्हंजे दारातून पाट्या येतात तवरच आवक. दार लावलं का आवक नाय."

"अगदी तसंच!"

शेवटचा लाईट झाला आणि दुसऱ्याच सकाळी भामानं बाजारापुढं रिक्षातून पापलेटाची पाटी उतरवली. तिला बघून गिऱ्हाईकं मागं सरली.

"लांब ऱ्हा गो!" भामाच्या जागेवर बसलेली ठमाबाई ओरडली.

हातच्या काकणाला आरसा कशाला? भामानं पुढं होऊन सगळ्यांदेखत तिचं मनगट गच्च धरलं. ठमाबाईनं डोळे मिटून अशी बोंब ठोकली की कोलंबी सोलणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. भामानं हात सोडला नाही. हळूहळू बोंब आपोआपच विरली.

"लागला करंट?"

ठमाबाईनं एक डोळा उघडला. "नाय."

"मंग ऊठ. जागा माझी हाय."