विजेवरचा सिरका

माझ्या नणंदेला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी पहिल्याच भेटीत हातभट्टी दाखवली. विज्ञानाच्या प्रेमापोटी दाखवली, हे आधीच सांगून ठेवते.

महाराष्ट्र नवा-नवा झाला होता, आणि मी नवी-नवी बी.एस्सी. होऊन धाड गावात सून म्हणून आले होते. आमचे हे तिकडे जळगाव जामोदला नोकरीला. महिन्यातून एकदा एसटीनं धूळ खात यायचे. घरात मी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, सासरे म्हणजे मामंजी, आणि नणंद शांता. माझ्या पदवीचा घरात काडीचा उपयोग नव्हता. भाकरी थापताना माझ्या हातून जो नकाशा तयार होई, तो पाहून आत्याबाई म्हणायच्या, "इतकं शिकली बाई, पण गोल काय असते ते नाही शिकवलं वाटते कालेजात!"

अशात शांतेला बघायला खामगावचे पाहुणे येणार असं ठरलं. मुलाच्या वडलांना जेवणात सिरक्यातला कांदा फार आवडतो, असाही निरोप आला. धाडच्या बाजारात सिरका कुठून मिळणार?

"मी करते ना!" मी म्हणाले. "आठ दिवसांत!"

"सिरक्याले दोन महिने लागतेत," आत्याबाई म्हणाल्या.

"साध्या सिरक्याला. माझा विजेवरचा!"

कॉलेजात असताना एका मासिकात मी वाचलं होतं, की पाण्यातून वीज सोडली की प्राणवायू सुटतो. आणि सिरका करणाऱ्या जंतूंना प्राणवायू लागतो, हे तर मी परीक्षेतच लिहिलं होतं. दोन आणि दोन चार! (त्या परीक्षेत मला किती गुण पडले होते ते विचारू नका.)

न्हाणीमागच्या पडवीत, चुलीच्या भिंतीला टेकून मी रांजण मांडला. गुळाचं पाणी, काळी पडलेली केळी, वर फडकं. टॉर्चचे जुने सेल फोडून आतल्या काळ्या कांड्या काढल्या आणि त्या तारांना बांधून रांजणात सोडल्या. आता राहिली वीज. ती आमच्या गल्लीत अजून आली नव्हती. पण मामंजींचा रेडिओ एका भल्या मोठ्या बॅटरीवर चालायचा!

संध्याकाळी मामंजींनी बातम्यांसाठी कान पिळला, तर रेडिओ मुका.

"काहून बे, बोलून नाही राह्यला?" त्यांनी रेडिओला थापट मारली. मग घाबरून म्हणाले, "सरकार गिरकार पडलं का काय?"

मी कबुली दिली. मामंजींनी रांजणात डोकावून पाहिलं. कांड्यांपाशी बारीक बुडबुडे निघत होते. म्हातारा लहान मुलासारखा हरखला. "हे तू केलं? मंग राहू दे बॅटरी. बातम्या काय, उद्याबी येतीन!"

बुडबुडे वाढत गेले. पाचव्या दिवशी तर रांजण खदखदू लागला. मला वाटलं, ही विजेची करामत. (पुढं कळलं, जंतूंना विजेपेक्षा आत्याबाईंच्या चुलीची ऊब जास्त मानवली होती.) वासही सुटला. एरवी आमच्या घराकडे न फिरकणारे गल्लीतले दोन-तीन बाप्ये मामंजींची तब्येत विचारायला येऊ लागले आणि नाक वर करून बराच वेळ बसू लागले.

आठव्या दिवशी पाहुणे आले. मुलगा बिचारा मान खाली घालून बसलेला. त्याचे वडील मात्र धिप्पाड, मिशाळ, सरकारी नोकरीतले. शांता चहा देऊन आत गेली आणि मुलाच्या वडलांनी हवा हुंगली.

"वास कशाचा येऊन राह्यला?"

"उदबत्तीचा!" आत्याबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं चार उदबत्त्या लावून आल्या.

तेवढ्यात पडवीतून फाट्‌कन आवाज आला. रांजणावरचं फडकं उडालं होतं! वडील ताडकन उठले आणि सराईत पावलांनी थेट पडवीत. मागं आम्ही सगळे. रांजणातून फेस ओसंडतोय, तारा लोंबतायत, शेजारी बॅटरी.

"विजेवरची हातभट्टी!" ते थक्क होऊन म्हणाले. "इतकी नोकरी झाली, पण असली नाही पाह्यली!"

"आपण... कोणत्या खात्यात?" मामंजींनी चाचरत विचारलं.

"दारूबंदी."

आत्याबाई होत्या तिथंच खाली बसल्या. दाराआड शांता हुंदके देऊ लागली. आता घराची अब्रू वाचवणं माझ्या हाती होतं!

"ही दारू नाही हो," मी म्हणाले. "म्हणजे सध्या आहे. पण पुढं सिरका होईल."

"सध्या आहे?"

मागून मामंजी जोरजोरानं हात हलवत होते. मला वाटलं, नीट समजावून सांग म्हणतायत.

"थोडीशीच. एक जंतू गुळाची दारू करतो, दुसरा दारूचा सिरका करतो. हा दुसरा जरा आळशी आहे. म्हणून त्याच्यासाठी वीज."

"त्याले शॉक देता?"

"हळूच!"

त्यांनी रांजणात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मिशा थरथरल्या. एक डोळा आपोआप मिटला.

"हे दारू नाही," ते शेवटी म्हणाले. "सिरकाबी नाही. सूनबाई, अशी दारू घरोघरी निघाली तं लोकायचं पिणं आपोआप सुटन! आमचं खातंच बंद करा लागन!"

आणि ते असे हसले की पडवीचे पत्रे वाजले. मग डोळे पुसत म्हणाले, "आता हे माह्यासमोर सांडा."

रांजण आडवा करता करता मी विचारलं, "एक बाटली ठेवू का? निरीक्षणं लिहायची राहिलीत."

दाराआड शांता रडता रडता खुदकन हसली. मुलानं पहिल्यांदाच मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि तिथंच, न्हाणीमागच्या चिखलात उभं राहून म्हणाला, "बाबा, मले पसंत आहे."

लग्न थाटात झालं. शांता सुखात आहे. व्याहीही आमच्याकडे हौसेनं येतात, मुक्काम करतात, माझ्या नकाशाच्या भाकरीही खातात. फक्त मी चहाचा कप पुढं केला की लगेच तोंडाला लावत नाहीत. आधी कपात वाकून पाहतात आणि विचारतात, "सूनबाई, हा चहाच आहे, का पुढं होणार आहे?"