धाकट्या जावेची आमदारकी

पुतळाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते पक्षाची माणसं बदलापूर गावातल्या तिच्या घरी आली त्या दिवशी. ते दुखणं वर्ष उलटलं तरी थांबलं नाही. औषध तरी कसलं घेणार? धाकटी जाऊ आमदार झाली तर थोरलीच्या दुखण्यावर कुठल्या डॉक्टरकडे गोळी असते?

त्याचं असं झालं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भागाचे आमदार वारले आणि पुढच्या निवडणुकीला जेमतेम वर्ष उरलं. एवढ्याशा वर्षासाठी धावाधाव करायला मोठे पुढारी तयार होईनात. कुणीतरी म्हणालं, गावाकडची एखादी बाई उभी करू. हे पुतळाबाईच्या कानावर आलं आणि ती धरूनच चालली, बाई म्हणजे मीच. आणि का धरू नये? ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीने धवले गायल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही, आणि बदलापुरापासून पार बारवी धरणाकाठच्या पाड्यांपर्यंत निम्म्या संसारांना सुरुवात हिच्याच गळ्याने झालेली. तिच्याएवढी ओळख कुणाची होती सांगा बरं!

पक्षाचे पुढारी शिवरामभाऊ चार माणसं घेऊन यायचे होते त्या सकाळी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, कपाळभर कुंकू रेखलं आणि ओटीवर येऊन बसली. चहा झाला, बिस्किटं झाली. शिवरामभाऊ दाराकडे मान वेळावत म्हणाले, "जनीबाय कुठं हायत?"

जनी मागच्या दारी भांडी घासत होती. तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. सातवी शिकलेली, आणि उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये वर्षानुवर्षं भाजी विकून सिंधी शेटाण्यांशी हिंदीत घासाघीस करायला सरावलेली. गावची मतं कुठे जाणार होती? पक्षाला काळजी होती ती कॅम्पातल्या मतांची. आणि पुतळाबाईचं हिंदी म्हणजे "कितना" आणि "नहीं", संपलं! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या ओटीवर बसून, माझा चहा पिऊन मेल्यांनी विचारलं कुणाला, तर भांडी घासणारीला!

जनी निवडून आली. गुलाल उधळला, ढोल वाजले. पुतळाबाई डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिली. हिला या घरात आणली कुणी? मी. हिच्या लग्नाचे धवले गायले कुणी? मी. हिची पहिली भाकरी तव्यावर फाटली तेव्हा सासूपुढे पांघरूण घातलं कुणी? तेही मीच. आणि आता ही जीपमध्ये पुढच्या सीटवर!

घराची तर धर्मशाळाच झाली. ओटीवर सोफा आला, फोन आला, सकाळपासून अर्जवाले. पुतळाबाईचा नवरा बाळा, सख्खा नवरा हो, घराचं कौल बदलायचं म्हटलं तरी म्हणू लागला, "आमदारबाईंना विचारतो." त्या दिवशी बाळाच्या ताटात भाकरी आदळलेली शेजाऱ्यांनीसुद्धा ऐकली.

एका लग्नात तर कहर झाला. पुतळाबाईचे धवले रंगात आले होते, तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. झालं! मुलीचा बाप हातातली हळदीची वाटी टाकून धावला, मांडव ओसाड झाला, लाऊडस्पीकरवर "आपल्या लाडक्या आमदार" सुरू झालं. पुतळाबाईने गाणं अर्ध्यातच तोडलं. "आता तुमची आमदारीणच लावील लगीन," म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. तर जनी गळ्यातला हार काढून सरळ आत आली, पदर घेतला, तिच्या शेजारी चटईवर बसली आणि खालच्या आवाजात पुढची ओळ उचलली. सगळ्या बाया हरखल्या, "बघा केवडी साधी बाय!" पुतळाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मोठेपणही हिनेच घ्यायचं आणि साधेपणही हिनेच!

पण एक गोष्ट अशी होती की तिथे पुतळाबाईचा जीव अडकला होता. तिचं माहेर करवंदवाडी, धरणाच्या फुगवट्यापलीकडे. पाऊस लागला की मधला नाला तुडुंब भरायचा आणि वाडी महिना महिना तुटायची. मागच्या पावसाळ्यात तिचा भाऊ जनू याच्या सुनेला कळा सुटल्या. झोळीत घालून नाल्यापर्यंत आणली, पण पाणी उतरेना. पोर काठावरच गेलं. सून वाचली, पण तेव्हापासून धड बोलेना. जनूने बहिणीचे पाय धरले. "बाय, तुजी जाऊ आमदार हाय. येक साकव बांधून दे बोल तिला. येवडाच पूल."

"मी? मी तिच्यापुढं पदर पसरू?" पुतळाबाई कडाडली. "तिला समजत नाय, माजं माहेर कुठं हाय ते?"

तिने सांगितलं नाही. मनातून मात्र रोज वाट पाहत राहिली की जनी आपणहून विचारील. जनीने विचारलं नाही. पावसाळा तोंडावर आला तरी दोघी एकाच चुलीवर रांधत होत्या आणि करवंदवाडीचा शब्द कुणी काढत नव्हतं.

मग अधिवेशन लागलं. गावोगावच्या साकवांचा प्रश्न जनी मांडणार होती. तो ऐकायला तिने दोन गाड्या करून बायकांना मुंबईला नेलं. पुतळाबाई येत नाही येत नाही म्हणता म्हणता सगळ्यांच्या आधी गाडीत बसली. प्रेक्षकांच्या गॅलरीतून खाली पाहिलं, तर जनी पार मागच्या बाकावर, एवढीशी. पुतळाबाईला जरा बरं वाटलं. कोपऱ्यात बसवलीय म्हणायची!

पण जनी उभी राहिली आणि पुतळाबाई कठड्याशी पुढे सरकली. "अध्यक्ष महाराज," म्हणून तिने सुरुवात केली, आणि पुढे काय? "खैरपाड्याला नाला आडवा हाय, पूल नाय. उंबरवाडीला नाला आडवा हाय, पूल नाय..." अगं बाई! ही तर धवल्यातली आवतणाची चाल! लग्नाआधी धवलारीण एकेका देवाला, एकेका गावाला आवतण देते तीच. पुतळाबाईच्या गळ्यातली! इथे मोठमोठी माणसं त्यावर बाकं वाजवत होती, आणि ज्या बाईने ती चाल जन्मभर गायली ती वर कठड्याशी मुठी आवळून बसलेली. चोरटी मेली, सगळं नेलंस, आता गळाही नेलास?

जनीने शेवटचं नाव घेतलं आणि ती खाली बसली. करवंदवाडी आलीच नाही.

मंत्री उठले. म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी ज्या वाड्यांची नावं आत्ता घेतली, तिथे याच वर्षी साकव बांधून देऊ.

आता आपल्याकडे रीत अशी आहे, की आवतणात एखादं गाव राहिलं तर मांडवातल्या कुठल्याही म्हातारीने तिथल्या तिथे ओरडून ते नाव घ्यायचं. राहिलं तर अपशकुन. पुतळाबाईला विधानसभाबिधानसभा काही दिसेना. ती ताडकन उठली आणि धवल्याच्या खड्या आवाजात ओरडली, "करवंदवाडी! जने, करवंदवाडी राह्यली गो!"

एकच गोंधळ! खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. अध्यक्ष म्हणाले, गॅलरीतला शब्द कामकाजात घेऊ नये. दोन पोलीसबायांनी पुतळाबाईला दंडाला धरून बाहेर नेलं आणि एका बाकावर बसवलं. नाव घेतलं तेही फुकट, आणि अब्रू गेली ती वेगळीच. थोड्या वेळाने बाकीच्या बाया हसत हसत बाहेर आल्या. जनी परत उभी राहिली होती म्हणे. "अध्यक्ष महाराज, माझी थोरली जाऊ ओरडली ते बरोबर हाय. माझ्याकडून येक नाव राहिलं. करवंदवाडी." सभागृह हसलं, पण मंत्र्यांनी मान डोलावली.

साकव झाला. वर्ष संपलं, तिकीट एका बिल्डरला गेलं, जीप गेली, अर्जवालेही पांगले. जनी पुन्हा पाटी घेऊन कॅम्पात जाऊ लागली. आणि करवंदवाडीचे लोक, पुतळाबाईचे माहेरचे, रक्ताचे लोक त्या साकवाला म्हणू लागले जनीबायचा पूल!

एका दुपारी दोघी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पुतळाबाईला राहवलं नाही. "जने, खरं सांग. तवा नाव इसरलीस, का मुद्दाम गाळलंस?"

"मुद्दाम," जनी म्हणाली.

पुतळाबाईने हातातली शेंग खाली टाकली.

"वरीसभर ज्या पाड्यात गेली तिथं हार माज्या गळ्यात, आनि पहिला सवाल काय? पुतळाबाय नाय आली? पुतळाबाय बरी हाय ना? मतं पन तुजी, मानसं पन तुजी. नुसती आग पडायची पोटात. वाटायचं, येकदा तरी हिनं माज्याकडं यावं, काय तरी मागावं. तू आली नाय. मग मी पन गाळलं."

"आनि मी वरडली नसती तर?"

जनीने आणखी एक शेंग सोलली. "तर पूल झाला नसता. मना रात्रीची झोप लागली नसती, पन नाव मी घेतलं नसतं."

पुतळाबाईला वाटलं, हिच्या झिंज्या धराव्यात. जनूच्या सुनेचं मुकं तोंड डोळ्यांपुढे आलं. पण शिवी ओठावर येता येता तिला कळलं की तेच पाप आपणही केलंय. भाऊ पाय धरून रडत होता तरी आपण तोंड उघडलं नाही, तेही ह्याच आगीपायी. ते सांगायला तिने दोनदा घसा खाकरला, पण शब्द काही बाहेर येईना. आणि ही बघा, शेंगा सोलता सोलता बोलून मोकळी झाली. जीप, सोफा, गुलाल, कशाकशाचा म्हणून पुतळाबाईला हेवा वाटला नव्हता? पण त्या दुपारी वाटला तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.