गुळाचा डाग पडलेली उशी

प्रिय ओजस आणि सई,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सईने माझ्या खुर्चीतली उशी पाहिली आणि विचारलं, "आजी, तुझ्या उशीवर चॉकलेट कुणी सांडलं?" तुमची आई मागून म्हणाली, "अजून आहे ती? आई, टाकून दे की आता." तो डाग चॉकलेटचा नाही, गुळाचा आहे, आणि तो अक्कांनी पाडला. ओजसला अक्का अंधुक आठवत असतील, सईने त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. उशी टाकायची की ठेवायची हे ठरण्याआधी तुम्हाला अक्का माहीत असायला हव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, तुमच्या आईची आत्या. कोणतीही वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय त्या विकत घेत नसत. आपण वस्तू हातात घेऊन बघतो, अक्का ती दुकानातच कामाला लावत. मिक्सर घ्यायला गेल्या तेव्हा घरून भिजवलेले तांदूळ डब्यातून घेऊन गेल्या. दुकानदार म्हणाला, "अक्का, कंपनीची गॅरंटी आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "गॅरंटी कागदावर हाय की. पीठ कुठं हाय?" खुर्ची घ्यायला गेल्या तेव्हा इतका वेळ बसल्या, की दुकानदाराला वाटलं व्यवहार ठरला आणि त्याने चहा मागवला. अक्कांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि "कंबर धरली रं बाबा," म्हणून उठून आल्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही त्यांनी सोडलं नाही. भर पंगतीत म्हणाल्या, "सुमन, तुलाबी आठ दिवस ठिवून घेऊन बघणार हुतो, पर तुझ्या वडलांना इचारायचं कसं?" इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, हसावं की रडावं मला कळेना. मग अक्काच एवढ्या मोठ्याने हसल्या, की वाढणाऱ्याच्या हातातला पळा हलला.

त्यांचा आवाज मोठा होता त्याला कारण होतं. कबनूरला त्यांचे यंत्रमाग होते. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, माग त्यांनी स्वतः चालवले. त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. आमच्याकडे आल्या, की शेजारच्यांना न सांगता कळायचं.

ओजस, तू झालास तेव्हा तुझी आई, मधुरा, इथे कोल्हापूरला माझ्याकडे होती. सिझेरियन झालं होतं. तुला मांडीवर घेतलं की तुझं वजन तिच्या टाक्यांवर यायचं. ती वाकून पाजायची, पाठ भरून यायची, तू रडायचास आणि तीही रडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रविवारी वजन बघू. वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करू." आपणच पाजायचं, असं मधुराने मनाशी ठरवलेलं होतं. तिने मला फोनवर एक चित्र दाखवलं. चंद्रकोरीसारखी उशी, कमरेभोवती बांधायची आणि तिच्यावर बाळ घ्यायचं. "आई, ही मागवू या?"

मी शिस्तीने बसून सगळे अभिप्राय वाचून काढले. अर्ध्या बायका त्या उशीचे उपकार मानत होत्या, उरलेल्या म्हणत होत्या, पैसे पाण्यात गेले. बाळंतपणासाठी कबनूरहून आलेल्या अक्का शेजारी लसूण सोलत होत्या.

"काय म्हणतंय तुझं इंग्लिश?"

"निम्मं घ्या म्हणतंय, निम्मं नको."

"मग आपुन बसून बघू."

"अहो अक्का, एवढ्या उन्हात बाळाला दुकानात न्यायचं नाही!"

"बाळ कशाला? वजन न्यायाचं."

डिंकाच्या लाडवांसाठी कळंब्याकडच्या गुऱ्हाळातून नवा, मऊ गूळ आणला होता. अक्कांनी एका हातात तुला घेतलं, दुसऱ्या हातात गुळाची ढेप. दोन्ही तोलून बघितलं. ढेपेचा एक कोपरा फोडून तोंडात टाकला आणि पुन्हा तोललं. "आता बराबर." मग ती ढेप तुझ्या पिवळ्या दुपट्यात गुंडाळली आणि वर टोपडंही बांधलं.

"टोपडं कशाला?" मी विचारलं.

"उघडं न्यायचं व्हय?"

रिक्षात बसताच त्यांनी चालकाला बजावलं, "पावणं, जरा हळू. बाळ हाय." बिचारा राजारामपुरीपर्यंत प्रत्येक खड्डा चुकवत गेला.

लहान मुलांच्या सामानाच्या त्या दुकानात अक्का स्टुलावर बसल्या, उशी कमरेला बांधली आणि वर गुळाला घेतलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. खरेदीला आलेली एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "झोपलंय वाटतं. नातू का?"

अक्कांनी टोपडं सारखं केलं. "व्हय. नातू."

"कुणावर गेलाय?"

"अजून कळंना. रंग मातर आमच्यातला हाय."

मी भिंतीवरच्या झबल्यांकडे तोंड फिरवलं. हसू आवरायला दुसरा उपाय नव्हता.

उशी पारखायला पाच मिनिटं पुष्कळ होती. मी म्हटलं, "झालं ना बघून?" "थांब की," अक्का म्हणाल्या, "हात अवघडतोय का, ते बघाय वेळ लागतो." त्यांचा हात टोपड्यावर होता आणि पाय नकळत हलत होता. आवाजही कधी नव्हे तो खाली आला होता. दुकानातल्या मुलीने पंखा आमच्याकडे वळवला. मी पुन्हा घाई केली नाही.

शेवटी त्या उठल्या तेव्हा दुपटं उशीला चिकटलं होतं. मार्चचं ऊन आणि अंगाची ऊब, गुळाला पाझर सुटला होता. पांढऱ्या उशीवर हा एवढा तपकिरी ओघळ. ती मुलगी समजूतदारपणे म्हणाली, "असू दे मावशी, बाळ आहे, चालायचंच."

खोटं रेटणं अक्कांना जमणारं नव्हतं. दुपट्याचं टोक बाजूला करून त्यांनी मागाच्या आवाजात जाहीर केलं, "बाळ न्हाय गं बाई, गूळ हाय!"

सगळं दुकान वळलं. मघाची बाई तर तोंडावर पदर धरून खाली बसली. मालक गल्ला सोडून आले. "मावशी, आता ही उशी कोण घेणार?"

"आमीच घेणार. आमच्याच नातवाचा गूळ हाय." एवढं बोलून अक्कांनी तिथेच ढेप फोडली आणि मालकापासून सगळ्यांना एकेक खडा वाटला. "घ्या. बारशाच्या आधी तोंड गोड."

परत येताना मी विचारलं, "पण उशी चांगली आहे का, ते तर सांगा."

"चांगली हाय, पर बुटकी हाय. मी वाकत हुतो."

म्हणून घरी उशीखाली घडी घातलेली वाकळ आली आणि मधुराच्या पाठीशी तक्क्या. अक्का समोर बसून दुकानातली हकीकत सांगू लागल्या. मधुरा म्हणत होती, "आत्या, हसवू नकोस गं, टाके दुखतात," आणि त्या हसण्यात कधीतरी तू नीट प्यायला लागलास. त्या दिवशी तू आणि तुझी आई, कुणीच रडलं नाही. तू पिऊन झोपलास की अक्का लगेच म्हणायच्या, "उशीचं काम झालं, उचला त्याला." त्या उशीवर तुला झोपू म्हणून दिलं नाही.

रविवारी तुझं वजन वाढलेलं निघालं. वरचं दूध टळलं. डॉक्टरीणबाई काट्याकडे बघत असतानाच अक्का दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुळापेक्षा जड झाला की गं!" तुझी आई तेव्हा रडली, पण ते रडणं निराळं होतं.

आता ती उशी घेण्यासारखी होती का? प्रामाणिकपणे सांगते, मला अजून ठरवता आलेलं नाही. टाकेही त्याच आठवड्यात भरत आले होते. सईच्या वेळी तिकडे तुमच्या आईचं घरातल्या साध्या दोन उशांवर भागलं. पण त्या आठवड्यात ती उशी आणि अक्का दोन्ही घरात होत्या, आणि त्यातलं एक वगळून बघायची मला कधी इच्छा झाली नाही.

अक्का कबनूरला परत निघाल्या तेव्हा तुला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. उशी न घेता. रिक्षा दारात हॉर्न देत होती. "थांब की," त्या रिक्षावाल्यावर ओरडल्या, आणि तू दचकून जागा झालास.

अक्का जाऊन काही वर्षं झाली. माग विकले गेले, तिथे आता दुसऱ्याचं गोदाम आहे. उशीचा कापूस दबलाय, एक बंद तुटलाय. मधुरा, मी ती टाकणार नाही. सईने सुट्टीत यावं आणि आधी तिच्यावर बसून बघावं. दर दिवाळीला मी ती धुते. डाग अजून आहे.