तिसरं अंडं

जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव मनीषा, वय तेव्हा एकवीस, वजन एक्केचाळीस किलो. केव्हा झाला? तीन वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या रविवारी, दुपारी पावणेदोन वाजता, जळगाव स्टेशनच्या तीन नंबर प्लॅटफॉर्मवर. ती मनीषा म्हणजे मी. स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी दिल्लीला निघाले होते, गाडी लागली होती आणि माझी स्वतःची बॅग मला उचलता आली नाही.

दोन्ही हातांनी ओढली, गुडघा लावला, डब्याच्या पायरीपर्यंत आणली आणि तिथेच अडकले. मागून लोक ओरडायला लागले. पप्पा एसटीत कंडक्टर, गर्दीत आवाज चढवायची सवय. सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सोड तू, तुला झेपायचं नाही." माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या माझ्या भावाने, रोहनने, ती बॅग एका हाताने आत टाकली. वर मला म्हणाला, "तायडे, तू आपली पर्स सांभाळ." सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा मला आजही राग येतो.

रोहनचा दंड काही आभाळातून पडला नव्हता. जामनेरला आमच्या घरी रोज सकाळी दोन अंडी उकडायची. दोन्ही त्याची. तो जिमला जायचा, त्याचं वाढतं वय होतं. माझंही वय वाढतच होतं की! पण मी अंडं मागितलं की आई म्हणायची, "पोरींना उष्ण पडतं." मला चहा आणि टोस्ट. आईला स्वतःला सगळ्यांचं झाल्यावर कढईला जे लागलेलं असेल ते. "तुम्ही खा, मी बसते नंतर," हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. ती नंतर बसलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

गाडी हलताना तिने खिडकीतून दशम्यांचा डबा दिला आणि बजावलं, "नोकरी लागेपर्यंत सोमवार आणि गुरुवार सोडू नकोस." मी मान हलवली. बॅग उचलायची ताकद नसलेल्या मुलीला निरोप देताना आठवड्यातून आणखी दोन दिवस उपाशी राहायला सांगितलं गेलं, आणि तिने ते कबूल केलं. या गुन्ह्यात मीही सामील आहे.

दिल्लीत मुनिरक्यात खोली मिळाली ती पाचव्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पाण्याचा वीस लिटरचा जार देणारे भैया तो खालीच ठेवून जायचे: "ऊपर का नहीं होता, दीदी." मी आणि माझी रूममेट नसरीन, परभणीची, तो जार दोघी मिळून प्रत्येक मजल्यावर टेकवत वर न्यायचो. तिसऱ्या मजल्यावरची मुलं दारात उभी राहून विचारायची, मदत करू का? बिचारी चांगली मुलं होती. मला मात्र दर वेळी पप्पांचंच वाक्य ऐकू यायचं. शेवटी एके दिवशी धापा टाकत मी नसरीनला सांगितलं, "हा जार मी एकटी वर आणणार. न टेकवता."

"आणि मी काय करू?"

"दार उघड."

गल्लीतल्या जिमला गेले. बायकांची वेळ अकरा ते एक. त्याच वेळी माझा क्लास. सकाळी आणि संध्याकाळी पुरुष. कारण विचारलं तर ट्रेनर म्हणाला, "दीदी, आप तो पहले से स्लिम हो, आपको क्या ज़रूरत?" पलीकडच्या कॉलनीच्या पार्कात व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवलेली होती, वापरायला कुणी नाही. तिथे गार्डने अडवलं: किरायेदार अलाउड नहीं. मी विद्यार्थ्यांच्या गटात पत्रकं लिहायचे, लायब्ररीच्या वेळांवर, मेसच्या डाळीवर. मग काय, बसले आणि लिहिलं: पार्क कुणाचं? दोन दिवस गेटसमोर उभी राहून ते पत्रक वाटलं. गेट काही उघडलं नाही.

पण पत्रकांचे गठ्ठे उरले. कागद किती जड असतो हे वाटणाऱ्यालाच कळतं. मी ते जुन्या पाठपिशवीत भरले, पाठीवर घेतले आणि खोलीत उठाबशा काढायला लागले. पुढच्या आठवड्यात वरून भूगोल टाकला. मग राज्यघटना. मग आधुनिक भारताचा तो दोन भागांतला इतिहास. जोर आधी भिंतीला हात लावून, नंतर खाटेला, नंतर जमिनीवर. वाकून पाण्याचा अर्धा भरलेला जार पोटाशी ओढायचा, दहा वेळा उजव्या हाताने, दहा वेळा डाव्या. एक दिवसाआड. मोबाइलवर बघून बघून शिकले. पहिल्यांदा पाठ आखडली तेव्हा कळलं की आधी कंबर सरळ ठेवायची, मग मर्दानगीच्या गोष्टी.

तीन महिने हे चाललं. केमिस्टच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. एक्केचाळीस.

मी खोलीत येऊन रडले. हो, रडले. नसरीन खिचडीसाठी दाणे कुटत होती, कारण त्या दिवशी गुरुवार होता आणि माझा साबुदाणा तीच करायची. हातातला बत्ता खाली ठेवून ती म्हणाली, "यार मनीषा, रोजे मीही धरते, पण वर्षातून एक महिना. तुझं तर बाराही महिने चालूच आहे."

मी कॅलेंडर काढलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन एकादश्या. परीक्षेच्या आधी आणखी एक मंगळवार, स्वतःच्या डोक्याने धरलेला. शरीराकडून मेहनत पूर्ण घेत होते आणि जेवणाच्या वेळी त्याला दाराबाहेर उभं करत होते. ही चूक आमच्याकडच्याच मुली करू शकतात. पास व्हायला उपाशी राहायचं, आणि उपाशी राहून पास व्हायची ताकद कुठून आणायची ते देवावर सोडायचं!

त्याच संध्याकाळी घरी फोन लावला.

"आई, मी उपास सोडले. सगळे."

ती म्हणाली, "आजारी आहेस का?"

"नाही. भूक लागते."

"आणि देवाला काय सांगायचं?"

"त्याला मी सांगते. तू तुझं बघ. तू आज काय खाल्लंस?"

"माझं काय मेलं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्यानंतर मी खाल्लं. अंडी, दही, भिजवलेले चणे, सोयाबीनच्या वड्या, पप्पांनी पाठवलेले शेंगदाणे. गल्लीच्या तोंडाशी केळीवाला होता, त्याला विचारलं कहाँ का है, तर ऐटीत म्हणाला, "महाराष्ट्र का माल है, दीदी, बढ़िया." आमच्याच जिल्ह्यातली असतील, माझ्यासारखीच गाडी पकडून आलेली. दुपारची मैदा-मॅगी बंद, रात्रीची पुरती झोप चालू. काटा हलला. त्रेचाळीस, पंचेचाळीस. कुर्त्याच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या तेव्हा मी त्या उसवल्या आणि नसरीनला दाखवल्या, जणू काही मार्कशीटच.

मग एका शनिवारी सकाळी जार खांद्यावर घेतला आणि निघाले. दुसऱ्या मजल्यावर मांड्या पेटल्या. तिसऱ्यावर ती मुलं दारात होती, त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "साइड प्लीज." पाचव्यावर दार उघडंच होतं. नसरीनने शिट्टी वाजवली. वजन त्या दिवशी अठ्ठेचाळीस, आणि जार कुठेही टेकला नव्हता.

घरी फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "पडली असतीस म्हणजे?" मग आवाज खाली आणून, शेजारच्या खोलीत पप्पा असावेत, पुटपुटली, "आज तीन उकडली."

"काय तीन?"

"अंडी. दोन त्याची." आणि लगेच, "उष्ण काही पडलं नाही बाई."

एवढी मोठी बातमी इतक्या हळू आवाजात मी आजवर ऐकलेली नाही.

या दिवाळीला घरी गेले. जळगावला उतरल्यावर रोहनने बॅगेला हात घातला, उचलली आणि कळवळला, "तायडे, दगड भरलेत काय?" पुस्तकं होती. मी त्याच्या हातातून घेतली, खांद्यावर टाकली आणि पूल चढले. वर पोचून मागे पाहिलं तर पप्पा निम्म्यात थांबले होते. घरी जाताना एसटीतल्या कंडक्टरला, त्यांच्या जुन्या सोबत्याला, तिकीट काढायच्या आधी त्यांनी सांगितलं, "पोरीने एकटीने बॅग वर नेली. पूल चढून!"

घर म्हणजे काय, असं दिल्लीत लोक हळवे होऊन विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. मी घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्या शेजारी पाटावर बसली, आमच्याबरोबरच, आणि तिने स्वतःचं अंडं स्वतः सोललं. तेवढं घर मला पुरे. जिथे ती उभीच राहते, तिथे माझं फक्त सामान आहे.

आता तुम्ही. हे वाचून गहिवरू नका, उठा. बाहेर राहत असाल तर आत्ता आईला फोन लावा. 'जेवलीस का' विचाराल तर ती हो म्हणेल, म्हणून 'काय जेवलीस' ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत ठेवू नका. घरी असाल तर उद्या सकाळी पातेलं गॅसवर चढवायच्या आधी घरातली माणसं मोजा. बायकासुद्धा. अंडी कमी पडली, तर तुमचं द्या.