आले की गेले

दोन्ही कानांत यंत्रं घालायला लागून मला हे चौथं वर्ष. शिवाय सुपारीच्या डबीएवढा एक गोल माइक आहे. तो टेबलावर मधोमध ठेवला की सहा फुटांच्या आतलं बोलणं थेट कानात येतं. दोहाजवळच्या लुसैलमधल्या माझ्या ऑफिसात हे ठीक चालतं. मीटिंगला सात माणसं असतात. एक बोलतो, बाकीचे थांबतात. अल मुंतझाच्या आमच्या फ्लॅटमध्ये महिन्यातल्या एका शुक्रवारी चार मराठी कुटुंबं जमतात, तेव्हा माणसं तेरा आणि एका वेळी बोलणारी किमान सहा. समोरच्याचं वाक्य संपायची वाट आपल्यात कोण बघतो? माइकला तर सगळंच सारखं. चिवड्यातला चमचाही तो तितक्याच निष्ठेने ऐकवतो.

अशा वेळी मी "हो का!" म्हणतो. बढतीला चालतं, गुडघेदुखीलाही चालतं. एकदा मोजलं होतं, एका संध्याकाळी एकतीस वेळा. कुणालाही संशय आला नाही.

त्या शुक्रवारी माझा नाशिकचा मित्र शेजारी येऊन बसला. सोळा वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच आठवड्यात दोहात आलो, तेव्हापासूनची मैत्री. आदल्या महिन्यात तो आला नव्हता. तो माझ्याकडे झुकून काहीतरी म्हणाला आणि नेमका तेव्हाच समोर क्रिकेटवरून हशा झाला. माझ्या कानात पोचलं ते एवढंच : "बाबा आले रे."

थंडीत इथे सगळ्यांचेच आईवडील येतात.

"अरे वा!" मी म्हणालो. ज्याला ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो, तसा मोठ्याने. "व्हिसा किती महिन्यांचा मिळाला? उद्या जेवायलाच घेऊन ये त्यांना."

हॉलमधलं बोलणं थांबलं, हे मला चेहऱ्यांवरून कळलं. मित्र माझ्याकडे पाहत राहिला. शेवटी त्याची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "भावजी, बाबा गेले. पंचवीस दिवस झाले."

माइक कुणीतरी वाडग्यांमागे सरकवला होता. मी तो उचलून खिशात घातला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली.

"कधी?"

"वहिनींचा फोन आला त्याच दिवशी. मी पोळ्या करत होते. तुम्ही हॉलमधून 'हो का' म्हणालात." तिने माझ्यासमोर चहा ठेवला. "मला वाटलं, मनाला लागलंय, म्हणून पुढे काही बोलत नाही."

पंचवीस दिवस मी त्याला एक फोनही केला नव्हता. तो त्याचा काय अर्थ लावत असेल?

पुढच्या शुक्रवारी मी एकटाच अल गराफाला त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, "सोड रे, यार." ते मला ओठांवरून कळलं. पण मला त्याचं पुढचं सगळं ऐकायचं होतं. मी माइक काढला आणि त्याच्या कॉलरला लावू का विचारलं. त्याने मान पुढे केली.

मग तो सांगायला लागला. हनुवटी माइककडे झुकवून, एकेक शब्द सुटा करून, विमानतळावर घोषणा करतात तसं. बाबांना. सकाळी. चक्कर आली. तिकीट. मिळालं. पण मी. पोचलो नाही. एकही शब्द चुकला नाही. सोळा वर्षांत तो माझ्याशी असा कधीच बोलला नव्हता.

"पोचलो नाही" नंतर आवाज बंद झाला. यंत्र बंद पडलं की तो थांबला, ते मला कळेना. माझी नजर त्याच्या चेहऱ्याकडे जायच्या आधी कॉलरवरच्या माइकच्या दिव्याकडे गेली. दिवा हिरवा होता.

त्याने ते पाहिलं. डोळे पुसले, घसा साफ केला आणि माइक तोंडाजवळ धरून विचारलं, "परत सांगू?"