प्लॅटिनमच्या वाटीची पूजा

रागाच्या भरात मी दहा ओळींचा अर्ज लिहिला आणि आमच्या लॅबमधल्या काकांना मेमो मिळाला. शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर निवृत्तीपर्यंतचे उरलेले आठ महिने तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये काढा. बत्तीस वर्षं ज्या लॅबची किल्ली त्यांच्या कमरेला होती, तिथून त्यांना हलवायचं होतं. आणि मला तेव्हा त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी पीएचडी करत होते. विषय सांगितला की नातेवाईक चहाकडे वळत: क्षारांच्या स्फटिकांत परकं द्रव्य मिसळलं की ते किती कणखर होतात. पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचाच चुलतभाऊ, प्लॅटिनमच्या छोट्या वाटीत वितळवायचा, त्यातून हळूहळू काचेसारखा स्फटिक वाढवायचा, मग त्यावर हिऱ्याचं टोक दाबून पडलेला खळगा मोजायचा. खळगा जितका लहान, तितका स्फटिक कठीण. शुद्ध स्फटिक मऊ असतो, कारण त्याचे थर पत्त्यांच्या जुडीसारखे सरकतात. त्यात किंचित स्ट्रॉन्शियम घातलं की जुडीत वाळू गेल्यासारखं होतं, थर अडतात. माझे सगळे आकडे शुद्ध नमुन्याशी ताडून बघायचे होते. तोच चुकला तर चार वर्षांचं काम मुसळ केरात.

दसऱ्यानंतर वाढवलेला शुद्ध स्फटिक नको इतका कठीण निघाला. मी दहा वेळा मोजला, वीस वेळा मोजला. शेवटी केमिस्ट्रीतल्या मैत्रिणीकडून तपासून घेतला. तिने फोनवर एकच शब्द सांगितला: कॅल्शियम.

कॅल्शियम म्हणजे नळाचं पाणी, आणि वाटी धुण्याचं काम काकांचं. मी तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काका, खरं सांगा. नळाखाली धरलीत ना वाटी?"

"नाय गो पोरी. डिस्टिल वॉटरनंच धुतली."

"मग कॅल्शियम काय आभाळातून पडलं?"

काका खाडीकाठच्या गावचे, त्यांचं बालपण मिठागरात गेलेलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "वाईट पाण्यानं मीठ बिघडतं, हे तू मना शिकवतंस?"

मला तो उर्मटपणा वाटला. त्याच दुपारी मी विभागप्रमुख सरांकडे काकांविरुद्ध अर्ज दिला. माझ्या नाकावरच्या रागाला औषध नाही, असं आई म्हणते. तेव्हा तर मी तो राग मोठ्या अभिमानाने मिरवत होते.

गुरुवारी संध्याकाळी डोंबिवलीला घरी आले. आईने दिवाळीसाठी कुंकू करायला घेतलं होतं. बाजारचं कुंकू तिला चालत नाही, कपाळाला खाज येते. परातीत हळद, बाजूला चुन्याची निवळी. निवळी पडेल तिथे हळद लालभडक होत होती.

"नवमीला कॉलेजात नेलेलंस ते सगळं संपवलंस का गं?" आईने विचारलं.

मी निवळीच्या भांड्याकडे बघितलं. चुना म्हणजे कॅल्शियमच. खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांची पूजा मीच केली होती. भट्टीला हळदकुंकू वाहिलं, सूक्ष्मदर्शकाला झेंडू वाहिला, आणि मोठ्या भक्तिभावाने वाटीच्या काठाला दोन बोटं कुंकू लावलं. सुट्टीनंतर काठ कागदाने पुसला आणि वाटीत क्षार भरला. कुंकवाचा रंग भट्टीत जळून गेला असणार, पण चुना कुठे जाणार? त्या सकाळी काका म्हणालेही होते, "थांब, परत धुऊन देतो." मी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं होतं, "धुतलेली आहे ना? मला उशीर होतोय."

त्या रात्री माझ्या मनात काय काय आलं ते सांगायला लाज वाटते. पूजेच्या वेळी काकांशिवाय कुणी नव्हतं. नवा स्फटिक वाढवायचा, आकडा बदलायचा, गप्प बसायचं. काकांचं काय, पगार तर मिळतच राहणार. हे सगळं मी खरंच मनात म्हटलं.

शुक्रवारी सर घोडबंदर रोडच्या जाममध्ये अडकले. केबिनबाहेरच्या बाकावर काका आणि मी पाऊण तास शेजारी बसून होतो. त्यांच्या हातात कोरा कागद होता. खुलासा त्यांनी लिहिलाच नव्हता.

"काका, तुम्ही परत धुतो म्हणाला होतात. ते का नाही लिहिलंत?"

"तुला आठवंल म्हणून थांबलो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

सर आल्याआल्या मी सगळं सांगून टाकलं. कुंकू, चुना, पुसलेला काठ, माझा नकार. सरांनी मेमो फाडला आणि म्हणाले, "प्रबंध आता जूनच्या आधी नाही. शुद्ध नमुना पहिल्यापासून कर." मी काकांची माफी मागितली, रडलेसुद्धा. ते "असू दे" म्हणाले. मला वाटलं, सुटले.

सोमवारी काकांनी धुतलेली वाटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. शेजारी एक नवी वही ठेवली. पानावर रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, वेळ, पाणी कुठलं, किती वेळा. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, 'बघून घेतलं'. त्याखाली सहीची जागा.

"काका, ह्याची काही गरज नाहीये."

"हाय," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं.

निवृत्त होईपर्यंत माझी सही घेतल्याशिवाय त्यांनी ती वाटी एकदाही माझ्या हातात दिली नाही.