मागचं चाक आत कापतं

माझे सासरे सैन्यात ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी साताऱ्यातल्या आमच्या घराला अजून छावणीचीच शिस्त आहे. झाडांच्या बुंध्यांना गेरू, कुंड्यांना गेरू आणि फाटकाशी रस्त्याची दगडी कड वळते, तिलाही गेरू. मी अंगणात फार वेळ फोनवर बोलत उभी राहिले की मलाही एक हात मारतील अशी धास्ती वाटते.

त्या कडेनंच माझा जीव खाल्ला. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा घरी येणारा. माझं माहेर तासगावला. मामा, म्हणजे सासरे, मला गाडीनं न्यायचे, नाही असं नाही. पण तिथं ते सोप्यात ताठ बसून राहायचे आणि चार वाजले की "चला". आईचे गुडघे आणि आईची सून, दोन्ही दुखणी अर्धवट ऐकून मला उठावं लागायचं. मला एकदा तरी एकटीनं जायचं होतं. परवाना होता, हातही बसला होता. फक्त गाडी आत घेताना डावं मागचं चाक कडेला घासायचं.

"सलग आठ दिवस कडंचा रंग टायरला लागला न्हाई, की किल्ली तुझी," मामा म्हणाले. "मग जा एकटी तासगावला."

ठरलं असं की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी गाडीनं मंडईत जायचं आणि परत आणून आत लावायची. सकाळी नऊला तपासणी. त्याआधी मामा मैदानावर फिरायला जाऊन यायचे, तेही गाडीनं. चालायला जायला गाडी कशाला, असं विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

शिकवणी मात्र एक नंबर. "म्होरचं चाक जातंय तिथनं मागचं जात न्हाई. मागचं कामचुकार असतंय. जवळची वाट धरतंय, आत कापतंय. म्हणून आधी उजवीकडं रुंद घे. कड खांद्याला आली की मग मोड. आणि त्यो डावा आरसा खाली कर, त्यात आभाळ कशाला बघतीस?"

आरसा खाली वाकवला आणि खरंच मागचं चाक, कड आणि मधली वीतभर जागा दिसायला लागली. इतकी वर्षं मी त्यात मागच्या रिक्षावाल्यांची तोंडं बघत होते.

खरी अडचण गल्लीची होती. गल्लीत आणखी चार निवृत्त फौजी. माझी गाडी वळली की चौघेही बाहेर. "यू द्या, यू द्या, यू द्या..." त्यांचं "बास!" नेहमी खर्र झाल्यावर यायचं. शेवटी मी काचा वर करून वळायला लागले.

पहिल्या आठ दिवसांत दोनदा रंग लागला. ते कबूल. मामा डबा काढून कड पुन्हा रंगवायचे आणि मोजणी पुन्हा एकपासून. पुढच्या फेरीत पाचव्या दिवशी लागला. मला कसलाही आवाज आठवत नव्हता. त्याच्या पुढच्या फेरीत सातव्या दिवशी. त्या दिवशी मी आमटीत मीठ टाकलं नाही, मुद्दाम.

पण मी सरकारी ऑफिसात कारकून आहे. पुराव्याशिवाय आम्ही काही मान्य करत नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी गाडी लावली की मी टायरचा फोनवर फोटो काढायला लागले.

या फेरीत आठवा दिवस उजाडला. टायरला लालभडक गेरू आणि रिमवर ओरखडा! मी फोन घेऊन पळतच घरात गेले. एवढा आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

"आवं मामा, ह्यो बघा काल सांजचा फोटो. टायर स्वच्छ हाय."

मामांनी फोन लांब धरला, जवळ धरला, मग मान तिरकी करून बघितला. "व्हय," ते म्हणाले. "आजचा रंग माझा हाय."

"आणि सातव्या दिवशीचा?"

"त्यो बी."

"पाचव्या दिवशीचा?"

मामांनी बोटांना लागलेला गेरू पुसला. मग म्हणाले, "डाव्या डोळ्यानं कड दिसंना झालीया."

मला राग आला, चांगलाच आला. "म्हंजे माझं आठ दिवस कवाच झालं हुतं! मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर किल्ली द्यावी लागली असती, पोरी."

बर्फातून, दरीच्या काठानं ट्रक काढलेला हा माणूस सकाळी सकाळी स्वतःच्याच फाटकाशी हरत होता, आणि ते कुणाला न सांगता कड रंगवून ठेवत होता. मला फार वाईट वाटलं. हातातल्या फोटोची लाज वाटली.

"तासगाव पुढच्या रविवारी," मी म्हणाले. "आज मी रजा टाकते. आधी डोळं दाखवून येऊ."

मामा उठले, टोपी घातली, किल्ली घेतली आणि सवयीनं गाडीच्या उजव्या दाराशी गेले. दार उघडलं. जरा थांबले. मग बाजूला सरकले आणि ते दार माझ्यासाठी धरून उभे राहिले.